जामीन मंजूर झाला, पण जामीनदार आणायचा कुठून?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा लहान भाऊ माहेरच्या गावात एका मोठ्या कास्तकाराकडे सालदार होता. पाडव्याला साल संपलं, पण हिशेब झाला नाही. मालक 'तूर विकू दे' म्हणत राहिला. तशात विहिरीवरची मोटर आणि केबल चोरीला गेली. भावाला 'चौकशीला चल' म्हणून ठाण्यात नेलं, दोन रात्री ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी अटक दाखवली. मारलं, असं तो भेटीत सांगतो. पण कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा 'काही तक्रार नाही' म्हणाला. याचा मला फार राग आला. मोटर अजून सापडलेली नाही. जमानत मंजूर झाली, पंचवीस हजाराची. तेवढ्या ऐपतीचा एक जमानतदार पाहिजे. भावाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. माझ्या नवऱ्याचं अडीच एकर वावर आहे, पण सासर वर्धा नदीच्या पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात. कोर्टातले बाबू म्हणाले, बाहेरच्या जिल्ह्याचा सातबारा चालत नाही. याला महिना होऊन गेला, भाऊ आतच आहे. होळीच्या आधी याच मालकाच्या पुतण्यानं गाडीनं एका सायकलवाल्याला उडवलं, माणूस जागीच गेला. पुतण्या त्याच रात्री घरी येऊन जेवला. पुण्यात तर दोघांचा जीव घेऊन एक जण निबंधावर सुटला. गावातले म्हणतात, 'कबूल करून टाक, भोगली तेवढ्यावर सुटशील.' कोर्टाबाहेर एक माणूस आठ हजारात जमानतदार लावून देतो म्हणतो. मी बारावी शिकलेली आहे, बचत गटाचा हिशेब लिहिते. पैसेवाल्यांचा कायदा वेगळा असतो का? मी काय करू?
— एक बहीण

उत्तर : ताई, आधी दोन गोष्टी करू नका. त्या माणसाला आठ हजार देऊ नका आणि भावाला कबुली द्यायला सांगू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण या दोन गोष्टींत पाय घसरला तर मागे येणं कठीण आहे.

आठ हजारवाला कसा असतो ते सांगते. तालुका कोर्टाच्या आवारात टायपिंगवाल्याच्या टेबलाशेजारी, स्टॅम्प व्हेंडरच्या सावलीत तो उभा असतो. प्लास्टिकच्या पाकिटात दोन-चार सातबारे, एक टॅक्स पावती, रेशन कार्डाची झेरॉक्स. तो जो जामीनदार देईल, तो न्यायालयात शपथेवर सांगणार की आरोपीला मी ओळखतो, याआधी मी कुणाचा जामीन घेतलेला नाही. दोन्ही खोटं. त्याचा सातबारा बनावट निघाला किंवा हाच माणूस आणखी चार खटल्यांत जामीनदार निघाला, तर जामीन रद्द होतोच आणि नवा गुन्हाही दाखल होतो. तो गुन्हा मग तुमच्या भावापर्यंत आणि पैसे देणाऱ्या तुमच्यापर्यंत येऊ शकतो. आज भावावर एका मोटरीचा आळ आहे, तो तेवढाच राहू द्या.

आता तुमच्या नवऱ्याच्या सातबाऱ्याचं बघू, कारण सगळी गाठ तिथंच आहे.

बाहेरच्या जिल्ह्याचा जामीनदार चालत नाही, हे बाबूंनी तोंडी सांगितलं. तोंडी उत्तराविरुद्ध कुठंही दाद मागता येत नाही. म्हणून आधी अर्ज द्या आणि नाकारायचा असेल तर लेखी आदेशानं नाकारू द्या. या नेमक्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयानं १९७८ सालीच निकाल दिलेला आहे. मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा एक गवंडी होता. त्याला जामीन मिळाला, पण खालच्या न्यायालयानं दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्याचा भाऊ उभा राहिला तर 'तू आणि तुझी मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे' म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ती अट झिडकारली आणि मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. गरीब माणसाकडून त्याच्या ऐपतीबाहेरची जमानत मागणं म्हणजे जामीन देऊनही न दिल्यासारखं आहे, असं त्या निकालाचं सार आहे. हा निकाल वकिलाला ठाऊक असतोच, तरी तुम्ही तोंडानं नाव घ्या : मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश सरकार, १९७८. बचत गटाची बाई निकालाचं नाव घेते म्हटल्यावर समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो, एवढा मला या आवाराचा अनुभव आहे.

त्याहून ताजं आणि तुमच्या कामाचं म्हणजे ३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. जामीन मिळूनही आत अडकलेल्या कैद्यांबद्दलच तो आहे. त्यातलं तुमच्यापुरतं सांगते. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी कैद्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल करून घ्यायचा आणि अट शिथिल करावी म्हणून तो न्यायालयापुढे ठेवायचा. महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर अट बदलायची का किंवा सैल करायची का, हे न्यायालय आपणहूनही बघू शकतं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, तेव्हा अशा प्रकरणांत ती अट घालू नये, असंही त्यात सुचवलेलं आहे. बाहेर येऊन मी जामीनदार देतो, असं कैद्यानं म्हटलं तर काही दिवसांचा तात्पुरता जामीन देण्याचीही सोय आहे. तुमच्या भावाचा महिना उलटलेला आहे. म्हणजे हा आदेश त्याला अगदी मापाचा बसतो.

शिवाय २०२३ पासून गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची योजना आहे. जामिनाची रक्कम भरता येत नसेल अशा कच्च्या कैद्यासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत मदत मिळते. ती तुमच्या हातात येत नाही, जिल्ह्याच्या समितीमार्फत न्यायालयात भरली जाते. पण तिची वाट बघत बसू नका. अर्ज एकच करा आणि त्यात मागण्या ओळीनं मांडा : नवऱ्याचा सातबारा स्वीकारावा; ते नाही तर जातमुचलक्यावर सोडावं; तेही नाही तर रक्कम कमी करून रोख जामीन घ्यावा. जामिनाची रक्कम परिस्थितीला धरून असावी, अवाजवी नसावी, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ४८४ मध्येच लिहिलंय. तालुक्याच्या न्यायालयानं नाहीच ऐकलं, तर रक्कम कमी करायचा अधिकार सत्र न्यायालयालाही आहे. सोबत नवऱ्याचा डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ, दोघांची आधार कार्डं, भावाचं रेशन कार्ड आणि त्याच्या पोरांचा शाळेचा दाखला जोडा. सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा असेल तर लपवू नका. विदर्भात बोजा नसलेला सातबारा शोधायला निघालात तर अर्धा जिल्हा पालथा घालाल, हे न्यायाधीशांनाही माहीत असतं.

हे सगळं लिहायला वकील फुकट मिळतो. भाऊ कोठडीत आहे, एवढं एकच कारण पुरेसं आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण आणि लोकअभिरक्षकांचं, म्हणजे आरोपीच्या बाजूच्या फुकट वकिलांचं, कार्यालय. जाणं जमत नसेल तर १५१०० ला फोन करा. गावात या वकिलाला 'सरकारी वकील' म्हणतात, तसं न्यायालयात विचारू नका. सरकारी वकील तुमच्या भावाविरुद्ध उभा असतो, तो तुम्हाला काय मदत करणार. आणि फुकटच्या वकिलानं 'खर्चापाणी' मागितलं तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. सगळेच मागत नाहीत. मी पाहिलेल्यांत मनापासून काम करणारे बरेच आहेत, आणि खासगी फी घेऊन तारखेला न फिरकणारेही तितकेच आहेत.

अर्जाची एक प्रत कारागृहातून भावाच्या सहीनंही जाऊ द्या. कारागृहात विधी सेवेचे स्वयंसेवक येतात. भेटीला जाल तेव्हा भावाला सांगा की त्यांच्याकडे नाव नोंदव आणि 'जामीन झाला, जामीनदार नाही' एवढंच बोल. आपली बाजू पहिल्यापासून सांगत बसलास तर भेटीची वेळ त्यातच संपेल.

आता कबुलीचं. पोलिसांपुढे दिलेला जबाब पुरावा म्हणून चालत नाही, हा कायदा जुना आहे आणि नव्या साक्ष अधिनियमातही तो आहे. पण न्यायाधीशांपुढे 'गुन्हा मान्य' म्हटलं की ती दोषसिद्धी झाली. महिनाभराची कैद हाच दंड धरून सोडलंच, तरी पुढच्या वर्षी शेजारच्या शिवारातली केबल गेली की जमादाराची गाडी थेट कुणाच्या दारात येईल? पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जाऊन विचारा. माणसाला जन्मतःच गुन्हेगार धरणारा १८७१ चा कायदा १९५२ ला रद्द झाला, पण कुठं चोरी झाली की गाडी आधी बेड्याकडेच वळते. तुमच्या भावाच्या कपाळी ते लागू देऊ नका. मोटर सापडली नाही, त्याच्याकडून काही जप्त नाही, आणि तुम्ही सांगता तसंच असेल तर त्याच्याविरुद्ध फारसं काही उभंच राहत नाही. तो दोषी आहे की नाही हे मला ठाऊक नाही, तुम्हालाही छातीठोक सांगता येणार नाही. पण ते सिद्ध करायचं काम पोलिसांचं आहे.

पैसेवाल्यांचा कायदा वेगळा का, असं विचारलंत. त्याचं उत्तर तुम्हाला वाटतं त्याहून वाईट आहे. पुतण्या त्याच रात्री घरी जेवला, यात बेकायदेशीर असं बहुधा काही नाही. निष्काळजीपणानं मृत्यू घडवणं हा न्याय संहितेच्या कलम १०६(१) चा गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि तो जामीनपात्र आहे. म्हणजे जामीन आरोपीच्या हक्काचा. नोकरानं मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर कलम ३०६, शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि अजामीनपात्र. माणूस मेला तर जामीन हक्कानं, मोटर गेली तर न्यायाधीशांना वाटलं तर. हे ठाणेदारानं ठरवलेलं नाही, पुस्तकातच छापलेलं आहे. १८६० च्या दंड संहितेत साध्या चोरीला तीन वर्षं होती आणि नोकरानं केलेल्या चोरीला सात. जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, ही सात वर्षं तशीच राहिली. पुण्याच्या प्रकरणात मुलगा अल्पवयीन होता, त्याचा कायदा आणि मंडळ वेगळं. तीनशे शब्दांच्या निबंधाची अट हास्यास्पद होती आणि लोक भडकल्यावर मंडळाला तो आदेश बदलावा लागला. त्या तुलनेत शिरू नका, तुमच्या अर्जाला तिचा उपयोग नाही.

ठाणेदाराचा हात कुठं येतो, तर अटकेत. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस देऊन बोलवायचं आणि अटक केलीच तर कारणं लिहायची, असं अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ ला बजावलं आहे. आता ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. पण नोटीस मिळते ती पक्कं घर, वकील आणि साहेबांचा नंबर असलेल्या माणसाला. सालदाराबद्दल कागदावर लिहितात : 'पळून जाण्याची शक्यता'. पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत, बायको मालकाच्याच वावरात निंदणाला, तो पळून जाणार कुठं? आणि पुढं हेच चक्र फिरत जातं. जमीन नाही म्हणून जामीनदार नाही, जामीनदार नाही म्हणून सुटका नाही, सुटका नाही म्हणून मजुरी नाही आणि वकिलाला भेटणं नाही. देशातल्या तुरुंगांत चारपैकी तीन कैदी कच्चे आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीतही तेच दिसतं. गरिबाची शिक्षा निकालाच्या आधीच भोगून होते, म्हणून मी तुम्हाला आधी जामीनदाराचा अर्ज लिहायला सांगितलं. न्याय-अन्यायाचा वाद भाऊ घरी आल्यावर करू.

आता त्या दोन रात्रींचं. अटकेपासून चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे उभं करायचं, हे राज्यघटनेच्या कलम २२ मध्येच आहे. 'चौकशीला बसवलं होतं, अटक नव्हती' ही पळवाट सगळीकडे चालते. ठाण्यांत सीसीटीव्ही बसवून चित्रण जपून ठेवायचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०२० ला दिलेला आहे. वकिलामार्फत त्या तारखांचं चित्रण राखून ठेवायचा अर्ज लगेच करा, कारण 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर दिवसागणिक सोपं होत जातं. अटकेची कारणं लेखी आणि भावाला समजेल अशा भाषेत दिली होती का, तेही वकिलाला तपासायला सांगा. गंमत अशी, की हा हक्क सगळ्या गुन्ह्यांना लागू आहे असं नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ते वरळीतल्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या प्रकरणात. पैसेवाल्यांचे वकील भांडून जी वाट पाडतात, तिच्यावरून सालदारालाही जाता येतं. फक्त कुणीतरी ती दाखवावी लागते.

भाऊ न्यायाधीशांपुढे 'तक्रार नाही' म्हणाला म्हणून त्याच्यावर रागावू नका. ज्या शिपायानं हात धरून आणलं तो मागं वीतभर अंतरावर उभा, आणि सुनावणी संपल्यावर त्याच्याच गाडीत बसून परत जायचं. तुम्ही काय म्हणाला असता? असल्या गप्प बसण्याचा अर्थ न्यायालयं कसा लावतात, हे आपल्या भागानं फार जवळून पाहिलेलं आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी धरलं, पण अंगावर खुणा नाहीत, विरोध दिसत नाही, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९७८ ला त्यांना सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहून विचारलं, की ठाण्याच्या आत, पोलिसांपुढे, गरीब मुलीचं गप्प राहणं ही संमती कशी? १९८३ ला कायदा बदलला. तेव्हा 'तक्रार नाही' हे शब्द शेवटचे नाहीत. पुढच्या तारखेला वकिलामार्फत लेखी सांगता येतं. कारागृहात घेताना वैद्यकीय तपासणी झाली असणार, तिची नोंद मागवता येते. फक्त भावाची तयारी आहे का, हे आधी त्याला एकट्याला विचारा. त्याला परत त्याच गावात राहायचं आहे, तुम्हाला नाही.

मालकाच्या पाया पडू का, असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. पोलीस पाटील किंवा तंटामुक्तीवाले मध्यस्थी करायला आले तर ऐकून घ्या. चोरीच्या गुन्ह्यात तडजोडीची वाट कायद्यात आहे, पण ती न्यायालयासमोर आणि वकिलाच्या सल्ल्यानं. ओट्यावर बसून कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. 'केस मागं घेतो, सालाचे पैसे विसर' असा सौदा आला तर दोन्ही गोष्टी एका मापानं मोजू नका. मजुरी ही मजुरी, तिच्यासाठी सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज होतो. हिशेब थकला म्हणूनच आळ घेतला, असंही लिहू नका, ते सिद्ध करणं अवघड आहे. पाडवा कधी, पैसे कधी मागितले, मोटर कधी गेली, उचल किती घेतली होती, एवढ्या तारखा आणि आकडे बचत गटाच्या वहीत लिहिता तसे मांडून वकिलाला द्या. वाचणाऱ्याला दिसायचं ते दिसेल.

सायकलवाल्याच्या घरच्यांचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. त्यांना एवढं सांगा, की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. गाडीचा विमा असेल तर पैसे विमा कंपनी देते, त्यामुळे मालकाशी वैर घेतल्यासारखं वाटायचं कारण नाही. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर त्यांनाही विधी सेवा समिती आहेच.

भाऊ सुटला की घरात एकच नियम लावा : तारीख चुकवायची नाही. एक तारीख चुकली की वॉरंट निघतं आणि नवऱ्यानं लिहून दिलेली रक्कम त्याच्या मालमत्तेतून वसूल होऊ शकते. ई-कोर्ट्सचं ॲप मोबाईलमध्ये घ्या, खटल्याचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. एसटी चुकली, ताप आला, काहीही झालं तरी त्याच दिवशी सकाळी अकराच्या आत वकिलाला फोन करा आणि गैरहजेरी माफीचा अर्ज द्यायला सांगा.